‘मुस्तफा लाव की’ म्हटल्यावर दोन बटणांत मुस्तफा: ईएस-डीईमध्ये जुन्या गेम्सची आपली स्वतःची कलेक्शन्स

“अण्णा, मुस्तफा लाव की!” म्हणणाऱ्या माणसाला कॅपकॉम, आर्केड बोर्ड, रॉमसेट यांतलं काही ठाऊक नसतं. कॉइन टाकून खेळलेला, धावत येऊन लाथ घालणारा तो गडी त्याला हवा असतो. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, साल 1993, आणि मुस्तफा हा त्यातल्या चार गड्यांपैकी एक. इम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्या खेळांची यादी पडद्यावर दाखवणारा तो फ्रंटएंड. हा फ्रंटएंड मुस्तफाचा खेळ ‘आर्केड’ विभागात, ‘सी’ अक्षराखाली ठेवतो. तुम्ही ‘एम’खाली शोधत बसता आणि तोवर पाहुणा मोबाईल काढून बसलेला असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नव्वदीत वाढलेल्या पिढीचे खेळ दोन वाटांनी आले: टीव्ही गेमची कॅसेट आणि गल्लीतलं व्हिडिओ गेमचं दुकान. कुठलं मशीन, कुठली कंपनी, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून मशीनवार लावलेली यादी आपल्या घरात चालत नाही. मागणारा कोण आणि तो काय म्हणून मागतो, यावर यादी लावायची. फ्रंटएंडमधल्या ‘कस्टम कलेक्शन’ची सोय नेमकी त्यासाठी आहे.

कुठला फ्रंटएंड

मी इथं ईएस-डीई धरून चाललो आहे. जुन्या इम्युलेशनस्टेशनवरून वाढलेला हा फ्रंटएंड विंडोज, लिनक्स आणि मॅकवर मोफत मिळतो. अँड्रॉइडवरची आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते. खेळ तो स्वतः चालवत नाही, ते काम रेट्रोआर्चसारख्या इम्युलेटरचं. ईएस-डीई फक्त खेळांची मांडणी दाखवतो आणि बटण दाबलं की योग्य इम्युलेटरला हाक मारतो.

विंडोजवर दोन प्रकार मिळतात, इन्स्टॉल करायचा आणि पोर्टेबल. माझं मत सरळ पोर्टेबलच्या बाजूनं. सगळं एका बाहेरच्या ड्राइव्हवर राहतं, आणि सुट्टीत निपाणीला मामाकडं गेलं तरी तोच ड्राइव्ह त्यांच्या लॅपटॉपला लावला की काम भागतं. मशीन फारच जुनं असेल, ओपनजीएल 3.3 हे ग्राफिक्सचं तंत्र न झेपणारं, तर ईएस-डीई उघडणारच नाही. तशा मशीनवर नुसतं रेट्रोआर्च वापरा. त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

एक सूचना आधीच देतो. फोल्डर आणि फाइलींची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, पण टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची.

कलेक्शनच्या आधी फाइली

बहुतेक जण इथं घाई करतात. कलेक्शन म्हणजे खेळांची प्रत नव्हे, ती फक्त पत्त्यांची यादी. तुम्ही ‘टँक’ नावाचं कलेक्शन केलंत की ईएस-डीईच्या फोल्डरात, ‘कलेक्शन्स’ या उपफोल्डरात ‘कस्टम-टँक’ नावाची सीएफजी फाइल तयार होते. नोटपॅडमध्ये उघडून बघा, साधा मजकूर असतो. प्रत्येक ओळीत एक खेळ: सुरुवातीला दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘रॉमपाथ’ हा शब्द, मग सिस्टमचं फोल्डर, मग फाइलचं पूर्ण नाव. बाकी काही नाही.

याचे दोन अर्थ निघतात. ‘रॉमपाथ’मुळं ड्राइव्हचं अक्षर ‘डी’चं ‘ई’ झालं तरी यादी मोडत नाही, ही चांगली बाजू. पण फाइलचं नाव एका अक्षरानं जरी बदललं, तर तो खेळ कलेक्शनमधून गायब होतो आणि त्याचं चित्रही तुटतं, कारण चित्रं फाइलच्या नावावरच जुळवलेली असतात. तेव्हा आधी फाइलींची नावं कायमची ठरवा आणि मगच कलेक्शनला हात घाला. उलट क्रमानं केलंत तर काम दोनदा करावं लागेल.

पोर्टेबल आवृत्तीत ‘रॉम्स’ नावाचं फोल्डर असतं. युटिलिटीज मेनूतून सिस्टम फोल्डर तयार करण्याचा पर्याय चालवला की आत शेकडो फोल्डर होतात. घाबरू नका, रिकामी फोल्डरं पडद्यावर दिसत नाहीत. आपल्याला लागतात ती थोडीच: कॅसेटवाल्या (म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या मशीनच्या) खेळांना ‘एनईएस’ किंवा ‘फॅमिकॉम’, सेगाला ‘मेगाड्राइव्ह’, हातातल्या गेमबॉयला ‘जीबी’ आणि ‘जीबीए’, पहिल्या प्लेस्टेशनला ‘पीएसएक्स’, आणि कॉइनवाल्यांना ‘आर्केड’. प्रत्येक फोल्डरात ‘सिस्टमइन्फो’ नावाची टेक्स्ट फाइल असते. कुठल्या एक्स्टेंशनच्या फाइली चालतात ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि खेळ यादीत दिसत नसेल तर पहिल्यांदा तीच वाचावी.

खेळ जुना झाला म्हणून तो फुकट झाला असं होत नाही. हक्क अजून निन्टेन्डो, कॅपकॉम, कोनामी यांच्याकडं आहेत. स्वतःकडं कॅसेट असेल तर गेमबॉयसाठी जीबी ऑपरेटर, किंवा बऱ्याच मशीनच्या कॅसेटी वाचणारा सॅनीचा ओपन सोर्स कार्ट रीडर अशी साधनं आहेत. सुरुवातीला हात बसवायला मोफत खेळ घ्या: एनईएससाठी ‘नोव्हा द स्क्विरल’, गेमबॉयसाठी ‘टोबू टोबू गर्ल’. आर्केड खेळ चालवणाऱ्या मेम या इम्युलेटरच्या अधिकृत साइटवरही ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ असे काही आर्केड खेळ बिनव्यापारी वापरासाठी खुले ठेवले आहेत.

कॉन्ट्रात रोबो का आले

आवृत्तीची निवड हा फाइली लावण्याचाच भाग आहे, आणि यात गंमतही आहे. एनईएसचा कॉन्ट्रा 1988 चा. युरोपसाठी कोनामीनं तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावानं काढला आणि त्यात शिपायांच्या जागी रोबो टाकले. कुणाकडून फाइल घेतली आणि कॉन्ट्रात रोबो पळायला लागले, तर फाइल बिघडलेली नाही, ती युरोपची आहे. फाइलच्या नावात कंसात देश लिहिलेला असतो, तो बघून अमेरिका किंवा जपान घ्या. जपानी कॉन्ट्रात मधले प्रसंग आणि हलणारी पार्श्वभूमी जास्तीची आहे; मला तोच आवडतो.

ज्याला आपण टँक म्हणतो तो नामकोचा ‘बॅटल सिटी’, 1985 चा. अमेरिकेत तो कॅसेटवर आलाच नाही, त्यामुळं अमेरिकी संचात शोधून सापडणार नाही. जपानी फाइलच लागेल. आणि लहानपणी ‘टँक 1990’ असं लिहून आलेलं पाहिलं असेल, तर ती बॅटल सिटीचीच फेरफार केलेली आवृत्ती.

वेगाचं एक सांगून टाकतो, कारण “मारिओ जरा जोरात पळतोय” ही तक्रार हमखास येते. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे, आणि त्यांना जोडायचे बरेच क्लोन टीव्ही गेम त्या वेगाला जुळवलेले होते. जपानी-अमेरिकी खेळ मुळात 60 चे. रेट्रोआर्चमध्ये एफसीईयूएमएम या एनईएस चालवणाऱ्या कोअरच्या (रेट्रोआर्चच्या आतल्या इम्युलेटरच्या) पर्यायांत रीजन ‘डेंडी’ करून बघा. जुनी चाल परत येते. ते पर्याय सगळ्या खेळांना न लावता त्या एका खेळापुरते सेव्ह करता येतात.

आर्केडचं शिस्तीनं घ्या. तिथं झिप फाइलचं नाव बदलायचंच नाही. मुस्तफाची झिप ‘डिनो’, म्हणजे डी-आय-एन-ओ, मेटल स्लगची ‘एमस्लग’, किंग ऑफ फायटर्स 97 ची ‘केओएफ97’. ही नावं इम्युलेटर ओळखतो. तुम्ही हौसेनं ‘मुस्तफा’ करून ठेवलंत तर खेळ उघडणार नाही. झिपच्या आतल्या फाइलीही सोडवून ठेवायच्या नाहीत. निओ जिओ या आर्केड मशीनच्या खेळांना सोबत ‘निओजिओ’ची बायोस (मशीन सुरू करणारी) झिप त्याच फोल्डरात लागते. एवढं करून एखादा खेळ काळ्या पडद्यावर अडला, तर बहुधा रॉमसेट (खेळाच्या झिपमधल्या फाइलींचा संच) एका आवृत्तीचा आणि इम्युलेटर दुसऱ्या आवृत्तीचा असतो. त्या खेळाच्या मेटाडेटात (नाव, प्रकार वगैरे नोंदीत) जाऊन ‘अल्टरनेटिव्ह इम्युलेटर’मध्ये मेमऐवजी फायनलबर्न निओ निवडून बघा. पडद्यावर पूर्ण नाव दिसण्याची चिंता नको, ‘डिनो’चं ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ ईएस-डीई स्वतःच करून दाखवतो.

प्लेस्टेशनवाल्यांनी डिस्कच्या बिन आणि क्यू फाइलींच्या जोड्या ठेवण्यापेक्षा मेमसोबत येणाऱ्या सीएचडीमॅननं एकेक सीएचडी फाइल करून घ्यावी. जागा वाचते आणि यादीत एका खेळाच्या दोन-दोन नोंदी येत नाहीत.

स्क्रेपर आधी, कलेक्शन नंतर

स्टार्ट दाबून मुख्य मेनू, त्यात स्क्रेपर, म्हणजे खेळांची चित्रं आणि माहिती नेटवरून आणणारी सोय. स्रोत म्हणून स्क्रीनस्क्रेपर निवडा, त्यांचं मोफत खातं काढून घ्या. चित्रं येतातच, पण आपल्या कामाची खरी गोष्ट म्हणजे ‘प्लेयर्स’ आणि ‘जॉनर’ ही माहिती. पुढं कलेक्शन भरताना तिचा फार उपयोग होतो. व्हिडिओ बंद ठेवले तर डाउनलोड बराच हलका होतो, आणि गावाकडं मोबाईलच्या नेटवर बसला असाल तर ते बंदच ठेवा.

स्क्रेप झाल्यावर, ज्या खेळांना घरात दुसरंच नाव आहे त्यांची नावं मेटाडेटा एडिटरमधून बदला. मी ‘मुस्तफा - कॅडिलॅक्स’ असं दोन्ही ठेवतो. फाइल तीच राहते, फक्त पडद्यावरचं नाव बदलतं. यानंतर पुन्हा कधी स्क्रेप केलंत तर कंटेंट सेटिंग्जमधलं ‘गेम नेम्स’ बंद करायला विसरू नका. नाहीतर तुमची नावं पुसून मूळची परत येतील.

आता कलेक्शन

मेनूत जाण्याआधी कागद घ्या. कलेक्शन कुणासाठी, ते ठरवा. आमच्याकडं असं जमलं आहे: ‘कॅसेट’ (टँक, कॉन्ट्रा, सर्कस चार्ली, रोड फायटर, आइस क्लाइंबर), ‘कॉइन’ (मुस्तफा, स्नो ब्रदर्स, पनिशर, स्ट्रीट फायटर 2), ‘जोडी’ आणि ‘पोरं’. जोडी म्हणजे दोघांनी एका वेळी खेळायचे. चार पुरे आहेत. दहा-बारा कलेक्शन्स करणाऱ्यांचं शेवटी मशीनवार यादीसारखंच होतं, कुठं काय ठेवलंय ते त्यांनाच आठवत नाही. एका कलेक्शनमध्येही एवढेच खेळ असावेत की यादी फार खाली सरकवावी लागू नये. ‘सगळे चांगले खेळ’ असं कलेक्शन करायचा मोह होतो. तो टाळा, त्यासाठी ‘फेव्हरिट्स’ आधीच आहे.

नावं छोटी आणि इंग्रजी अक्षरांत द्या. जुन्या इम्युलेशनस्टेशनमध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं सोडली तर बाकी सगळं गाळलंच जायचं. शिवाय आपल्या भागातल्या घरात एक पोरगं मराठी शाळेत, एक कन्नड शाळेत, शेजारचं इंग्रजी माध्यमात. रोमनमध्ये लिहिलेलं ‘कॉइन’ तिघांनाही वाचता येतं.

मुख्य मेनू, मग ‘गेम कलेक्शन सेटिंग्ज’. तिथं वर ‘ऑटोमॅटिक’ कलेक्शन्स आहेत: सगळे खेळ, फेव्हरिट्स आणि शेवटी खेळलेले. तिन्ही चालू करा. ‘सगळे खेळ’ तर भरण्याच्या कामाला लागणारच आहे. खाली ‘क्रिएट न्यू कस्टम कलेक्शन’. नाव टाइप केलं की ईएस-डीई लगेच एडिट मोडमध्ये जातो आणि अमुक कलेक्शन एडिट होत आहे, ‘वाय’ बटणानं खेळ घाला-काढा, अशी सूचना दाखवतो. त्याच्या शेजारी ‘क्रिएट फ्रॉम थीम’ असाही पर्याय आहे. त्यात थीमनं, म्हणजे पडद्याच्या सजावटीनं, ज्यांची चित्रं आधीच बनवून ठेवली आहेत तीच नावं मिळतात. दिसायला ती सुरेख असतात, पण ‘कॉइन’ त्यात नसणार.

आता ‘सगळे खेळ’मध्ये जा. हवा तो खेळ निवडून वाय दाबा, त्याच्या नावाशेजारी बरोबरची खूण येते. पुन्हा वाय दाबलं की निघून जाते. बाजारातल्या साध्या यूएसबी रिमोटवर वाय कुठलं ते छापील अक्षरावरून ठरवू नका, काहींवर एक्स आणि वायच्या जागा उलट असतात. एकदा दाबून बघा.

‘जोडी’ भरताना एकेक खेळ शोधत बसायचं नाही. बॅक बटणानं यादीचा मेनू उघडा, फिल्टरमध्ये ‘प्लेयर्स’ निवडा, एक खेळाडूवाले वगळा. उरलेली यादी वरून खाली वाचत वाय दाबत जायचं. मात्र स्क्रेपरचा ‘1-2’ हा आकडा जसाच्या तसा धरू नका. मारिओसुद्धा दोघांचा म्हणून येतो, पण तिथं एक मरेपर्यंत दुसऱ्यानं नुसतं बघायचं असतं. कॉन्ट्रा, टँक, आइस क्लाइंबर, स्नो ब्रदर्स यांच्यात दोघं एका वेळी पडद्यावर असतात. भांडणं टाळायची असतील तर ‘जोडी’त फक्त असलेच खेळ घाला.

भरून झालं की त्याच कलेक्शन सेटिंग्जमध्ये ‘फिनिश एडिटिंग’ करा. हे राहिलं तर पुढच्या वेळी कुणीतरी फेव्हरिट करायला वाय दाबेल आणि खेळ भलत्याच कलेक्शनमध्ये जाऊन बसेल.

पुन्हा कधी खेळ घालायचा असेल तर त्या कलेक्शनमध्ये उभं राहून यादीच्या मेनूतून ‘ॲड/रिमूव्ह गेम्स’ निवडायचं. कलेक्शनमधून काढल्यानं किंवा कलेक्शनच डिलीट केल्यानं खेळाच्या फाइलीला काही होत नाही. हे घरातल्यांनाही सांगून ठेवा.

मांडणी आणि क्रम

‘कॅसेट’, ‘कॉइन’ यांची चित्रं थीममध्ये नसल्यानं ती मुख्य पडद्यावर सुटी दिसत नाहीत, ‘कलेक्शन्स’ नावाच्या एका विभागात कोंबली जातात. म्हणजे एक पायरी वाढली. ‘ग्रुप कस्टम कलेक्शन्स’ हा पर्याय ‘नेव्हर’ केला की ती एनईएस, आर्केडच्या रांगेत येऊन बसतात. चारच कलेक्शन्स असतील तर हेच बरं.

कलेक्शनच्या आत खेळ अक्षरांच्या क्रमानं लागतात. टँक सगळ्यात वर हवा असेल तर त्या कलेक्शनच्या आतूनच मेटाडेटा एडिटर उघडा. ‘कस्टम कलेक्शन्स सॉर्टनेम’ अशी ओळ फक्त तिथूनच दिसते. तिच्यात 01, 02 असे आकडे टाका. एनईएसच्या मूळ यादीतला क्रम आहे तसाच राहतो.

‘पोरं’साठी आणखी एक सोय आहे. खेळाच्या मेटाडेटात ‘किडगेम’ चालू करून यूआय मोड ‘किड’ केला की तेवढेच खेळ दिसतात आणि सेटिंग्ज लपतात. परत यायला रिमोटवर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवायला दाबत होतो तोच कोड! तो पोरांना शिकवू नका एवढंच. गणपतीत मंडळाच्या मांडवात किंवा लग्नघरात मशीन ठेवायचं असेल तर ‘किऑस्क’ मोड लावा; खेळ सगळे दिसतात, पण मांडणीत कुणाला बदल करता येत नाही.

नुसतं रेट्रोआर्च असेल तर

कलेक्शनला इथं प्लेलिस्ट म्हणतात. ‘इम्पोर्ट कंटेंट’मध्ये ‘मॅन्युअल स्कॅन’ घ्या, फोल्डर दाखवा, सिस्टम नेम ‘कस्टम’ करून हवं ते नाव द्या आणि डीफॉल्ट कोअर निवडा. त्या नावाची प्लेलिस्ट तयार. अडचण एवढीच की हे फोल्डरवर चालतं, म्हणून ‘जोडी’साठी वेगळं फोल्डर करून त्यात खेळांच्या प्रती ठेवाव्या लागतात. एनईएसचे खेळ काही केबींचे असतात, तिथं प्रत ठेवायला हरकत नाही. प्लेस्टेशनच्या बाबतीत हा मार्ग सोडा.

बॅकअप, वीज आणि दुसऱ्याला देणं

खानापूरकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. ईएस-डीईत ‘मेटाडेटा कधी सेव्ह करायचा’ हे सेटिंग मुळात ‘ऑलवेज’ असतं; कुणी ‘ऑन एक्झिट’ केलं असेल तर परत आणा, नाहीतर वीज गेल्यावर त्या बैठकीत बदललेली नावं आणि क्रम जातात. ड्राइव्ह काढण्याआधी मेनूतून ‘क्विट’ करायची सवय लावा.

बॅकअप घ्यायला ‘कलेक्शन्स’ आणि ‘गेमलिस्ट्स’ ही दोन फोल्डरं पुरेत. आकार किरकोळ, स्वतःला मेल करून ठेवता येतो. ‘ऑर्फन्ड डेटा क्लीनअप’ नावाचं साधन युटिलिटीजमध्ये आहे. फाइल उरली नाही अशा खेळांच्या नोंदी ते यादीतून साफ करतं. खेळांचा ड्राइव्ह जोडलेला नसताना ते चालवू नका, सगळेच खेळ त्याला हरवलेले वाटू शकतात.

चिकोडीच्या आत्तेभावाला तुमची यादी हवी असेल, तर ईएस-डीई बंद करून ‘कस्टम-कॉइन’ ही फाइल त्याच्या ‘कलेक्शन्स’ फोल्डरात टाका, मग त्याच्याकडं कलेक्शन सेटिंग्जमध्ये तिच्यावर खूण करा. आर्केडची झिप नावं सगळीकडं ठरलेली असल्यानं, त्यानंही ते खेळ ‘आर्केड’ फोल्डरातच ठेवले असतील तर ही यादी सहसा तशीच उघडते. ‘कॅसेट’ची मात्र तपासावी लागेल. त्याच्याकडं फाइल ‘कॉन्ट्रा (जपान)’ आणि तुमच्याकडं ‘कॉन्ट्रा (यूएसए)’ असेल तर तेवढी ओळ जुळणार नाही आणि तो खेळ दिसणार नाही. नोटपॅडमध्ये ती एक ओळ दुरुस्त करून ईएस-डीई पुन्हा सुरू करायचा.